तीन मिनिटांची गाडी

कानात हेडफोन घालून गोदामात, लोकलमध्ये किंवा अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हा भाग ऐकत असाल, तर सगळ्यात आधी घड्याळाकडे बघा. किती वाजले ते लक्षात ठेवा. आता इथून पुढे तीन मिनिटं मोजा. एवढ्या वेळात तुम्ही जिथे आहात तिथे आगीचा बंब पोचेल का?

विमानतळावर पोचतो. पोचावाच लागतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिचा नियमच तसा आहे. हवा स्वच्छ असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर वापरातल्या धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला अग्निशमन गाडी तीन मिनिटांच्या आत पोचली पाहिजे. शिफारस तर दोन मिनिटांची आहे. नुसतं पोचून भागत नाही. पोचल्या पोचल्या ठरलेल्या प्रमाणाच्या निम्म्या जोराने तरी फेस मारता आला पाहिजे.

आजचा भाग त्या गाडीवर आहे. म्हणजे खरं तर त्या गाडीच्या खेळण्यावर. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांमधून मोटरवर चालणारी विमानतळावरची अग्निशमन गाडी कशी बांधतात, त्या ठोकळ्यांचा इतिहास काय, आणि भिवंडीत बसून ती बांधताना आपल्याला आपल्याच गावाबद्दल काय काय कळतं, हे सगळं आज बोलू.

आधी खरी गाडी

विमानतळावरच्या या गाडीला आपल्याकडे क्रॅश फायर टेंडर म्हणतात. रस्त्यावरच्या लाल बंबापेक्षा ही वेगळी. रंग बहुतेकदा पिवळट हिरवा किंवा झगझगीत लाल, चाकं सहा किंवा आठ, आणि सगळ्या चाकांना इंजिनाची ताकद. कारण विमान दर वेळी डांबरावरच थांबेल असं नाही. चिखलात, गवतात, खड्ड्यातही थांबेल. छपरावर एक फिरती तोफ असते, तिला मॉनिटर म्हणतात. गाडी चालू असतानाच त्यातून पाणी आणि फेस मारता येतो. साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी वाहणाऱ्या गाडीने थांबलेल्या अवस्थेतून ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठावा आणि तिचा कमाल वेग किमान १०० असावा, असं आयकाओचं मार्गदर्शन आहे. पाण्याने भरलेला टँकर ताशी शंभरने पळवायचा, विचार करा.

फेस कशासाठी? पेट्रोल किंवा विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं. पाणी मारलं तर इंधन वर तरंगतं आणि जळतच राहतं. बाकूच्या तेलविहिरींच्या गावात शिकवणारे अलेक्सांद्र लोरान नावाचे एक मास्तर होते. त्यांनी १९०२ च्या सुमाराला फेसाने तेलाची आग गुदमरवून दाखवली आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. आज जगातल्या प्रत्येक विमानतळावर जो फेस उडतो, त्याची सुरुवात तेलाच्या गावातल्या त्या मास्तरांपासून आहे.

आणि घाई कशासाठी? २२ ऑगस्ट १९८५ चा प्रसंग सांगते. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर उड्डाण घेताना एका बोइंग ७३७ चं इंजिन फुटलं. विमान हवेत गेलंच नव्हतं. ते थांबलं. बंब मिनिटाच्या आत पोचले. तरीही १३७ पैकी ५५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक आगीने नाही, धुराने गेली. बाहेरची आग विमानाचा पत्रा फोडून आत शिरायला साधारण एक मिनिट पुरलं होतं. त्या अपघातानंतर विमानांतल्या सीटचं कापड, जमिनीलगतचे दिवे, दारांजवळची जागा या सगळ्याकडे जगाने नव्याने बघितलं.

मुंबईनेही असा दिवस पाहिलाय. २१ जून १९८२, पावसाची रात्र. एअर इंडियाचं बोइंग ७०७ उतरताना कोसळलं. विमानात १११ माणसं होती, १७ गेली, ९४ वाचली. १९८२ हे साल लक्षात ठेवा. थोड्या वेळाने त्याच सालातल्या दुसऱ्या गोष्टीकडे यायचंय.

तीन आगींतून आलेला ठोकळा

आता खेळण्याकडे वळू. मजा बघा, आग विझवणारी गाडी ज्या ठोकळ्यांमधून बांधायची, त्या ठोकळ्यांचा इतिहासही आगीचाच आहे.

डेन्मार्कमधलं बिलुंड हे खेडं. तिथे ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचे सुतार. १९२४ मध्ये त्यांची दोन लहान मुलं सुतारशाळेत खेळत होती. लाकडाच्या भुश्शाने पेट घेतला आणि कारखाना आणि घर दोन्ही जळालं. पुढे मंदीत घरबांधणीची कामं आटली, म्हणून १९३२ पासून ते लाकडी खेळणी बनवायला लागले. १९३४ मध्ये नाव ठेवलं लेगो. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ते आलंय. १९४२ मध्ये पुन्हा आग. या वेळी विजेचं शॉर्टसर्किट. कारखाना गेला. त्यांनी परत उभा केला.

युद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिक साच्यात ओतणारं मशीन विकत घेतलं. १९४९ मध्ये एकमेकांवर बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे बाजारात आणले. ही कल्पना मुळात हिलरी पेज या इंग्रज माणसाच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यांची होती, हेही सांगितलं पाहिजे. लेगोने त्यात भर घातली ती पोटातल्या नळ्यांची. ठोकळा उलटा करून बघा, आत पोकळ नळ्या दिसतील. त्यांच्यामुळे ठोकळे घट्ट धरून बसतात आणि तरी लहान मुलाच्या हाताने सुटतात. त्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. म्हणजे १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

तिसरी आग १९६० ची. लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं. या वेळी ओले किर्क यांचा मुलगा गॉडफ्रेड याने ठरवलं, आता लाकडी खेळणी बंद, फक्त प्लॅस्टिकचे ठोकळे. एका गोदामाच्या आगीने जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांपैकी एकीची दिशा ठरवली. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला हे वाक्य दोनदा ऐकावंसं वाटेल.

पुढचं भराभर सांगते. १९६२ मध्ये चाक आलं. १९६६ मध्ये साडेचार व्होल्टच्या मोटरवर चालणारी आगगाडी आली. १९७७ मध्ये टेक्निकची मालिका आली. भोकांच्या पट्ट्या, अधिक चिन्हाच्या आकाराचे दांडे, दात्यांची चाकं आणि डिफरन्शियल. इथे खेळणं दिसण्याचं न राहता चालण्याचं झालं. २००७ मध्ये पॉवर फंक्शन्स नावाची मोटर आणि बॅटरीपेटीची मालिका आली. आणि २०१८ मध्ये टेक्निकमध्ये आजची आपली गाडी आली, विमानतळावरची बचाव गाडी, १०९४ तुकड्यांची. मोटर त्यात नव्हती, पण वेगळी घेऊन बसवायची सोय होती.

आमच्या घरातली गाडी

तो संच मी घेतला नाही. किंमत बघून फोन खाली ठेवला. २०२० मध्ये आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. त्याने देशातल्या खेळणी बनवणाऱ्यांना आधार मिळाला हे खरं, पण परदेशी संच मध्यमवर्गीय घरात वाढदिवसालाही जड झाले.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ठोकळ्याची पेटंटं केव्हाच संपलीत. ठोकळ्याचा आकार म्हणजे आमचा ट्रेडमार्क, असा दावा लेगोने युरोपात लढवला, पण २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जो आकार काम करण्यासाठी आहे तो कायमचा कुणा एकाच्या मालकीचा राहू शकत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून दुसऱ्या कंपन्यांचे जुळणारे ठोकळे उघडपणे विकले जातात. नाव वापरता येत नाही, आकार वापरता येतो.

मी आणि सहावीतली माझी भाची, आम्ही असे सुटे ठोकळे, एका ओळखीच्या घरून आलेला जुना डबा आणि एक सेकंड-हँड मोटर एवढ्यावर कामाला लागलो. तीन आसांची, सहा चाकांची गाडी. पुढची चाकं वळणारी, मागच्या दोन आसांना मोटर, आणि छपरावर फिरणारा मॉनिटर.

आता थोडं गणित. घाबरू नका, पाढ्यांइतकंच आहे.

ही मोटर मोकळी सोडली तर मिनिटाला साधारण ४०० फेरे घेते. चाकाचा व्यास ६.२ सेंटिमीटर, म्हणजे परीघ झाला साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर. मोटर थेट चाकाला जोडली तर गाडी मिनिटाला ७८ मीटर पळेल. ऐकायला भारी. पण तशी जोडली तर गाडी जागची हलत नाही, मोटर नुसती गुणगुणते. तिच्यात वेग आहे, जोर नाही.

म्हणून गिअर. ८ दात्यांचं लहान चाक २४ दात्यांच्या मोठ्या चाकाला फिरवायला लावलं की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तिप्पट होतो. एवढ्यावर आमची गाडी फरशीवर चालली, सतरंजीवर अडली. मग दुसरी जोडी लावली, ८ आणि ४०, म्हणजे पाचपट. तीन गुणिले पाच, पंधरा. चाकाला मिनिटाला २७ फेरे. आता ती सतरंजीच काय, उशीही चढली.

इथे एक कामाची गोष्ट सांगते, बांधणाऱ्यांनी लिहून ठेवा. मोठी घट शक्यतो चाकाच्या जवळ करायची, मोटरजवळ नाही. कारण घट झाली की जोर वाढतो, आणि तो जोर लांब प्लॅस्टिकच्या दांड्यातून नेला की दांडा पिळतो. खऱ्या अवजड ट्रकमध्येही कितीदा चाकाच्या हबमध्येच शेवटचा गिअर बसवलेला असतो, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट असतील तर एक चाक घासत जाणार. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. आतली दात्यांची चाकं दोन्ही बाजूंना हवा तसा वेग वाटून देतात. आपल्या रिक्षेपासून टेम्पोपर्यंत हेच आहे, आणि सहा सेंटिमीटरच्या चाकामागेही हेच.

तिसरी गोष्ट मॉनिटर. तो हवा तिथे थांबला पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. त्यासाठी वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखं आटे असलेलं चाक. त्याच्या एका फेऱ्याला समोरचं चाक एकच दात सरकतं. समोर २४ दाते असतील तर २४ फेऱ्यांना एक फेरा. आणि गंमत म्हणजे उलटीकडून ते फिरतच नाही. हात काढला तरी तोफ जिथल्या तिथे.

बॅटरीबद्दलही सांगून ठेवते. पेटीत पेन्सिल सेल सहा लागतात. साधे दीड व्होल्टचे घातले तर ९ व्होल्ट. रिचार्जेबल घातले तर १.२ गुणिले ६, म्हणजे ७.२ व्होल्टच. गाडी हळू चालली तर गिअर उघडत बसू नका, आधी सेल बघा.

बाबांनी ओळखलेला गिअर

हे सगळं जमिनीवर मांडून बसलो होतो, तेव्हा बाबा बघत होते. बाबांनी तीस वर्षं यंत्रमागावर जॉबरकी केली. साचा बंद पडला की जॉबरला हाक. त्यांनी चष्मा वर केला, १२ आणि २४ दात्यांची जोडी बोटाने फिरवली आणि म्हणाले, "अगं, हा तर आपल्या साच्याचा खालचा शाफ्ट."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. साध्या मागाला दोन मुख्य दांडे असतात. वरचा क्रँकचा. तो एकदा फिरला की बाण्याचा एक धागा ठोकला जातो. खालचा दांडा त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. कारण धोटा एकदा डावीकडून मारायचा, एकदा उजवीकडून. दोन धाग्यांना खालच्याचा एक फेरा. म्हणून वरच्या चाकाच्या दुप्पट दाते खालच्या चाकाला. एकास दोन. भाचीने टेबलावर जी जोडी लावली होती, तीच मिनिटाला शंभर-दीडशे वेळा भिवंडीच्या प्रत्येक मागात फिरत आलीय.

"एक दात चुकला तर?" भाचीने विचारलं.

"तर धोटा मध्येच अडकतो नाहीतर बाहेर उडतो," आजोबा म्हणाले. "उडालेला धोटा कुणाच्या डोळ्यावर बसेल सांगता येत नाही. म्हणून जॉबरने आधी दाते मोजायचे, मग पट्टा चढवायचा."

मंडळी, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला टायमिंग म्हणतात. आमच्या घरात ते आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.

१९८२ आणि भिवंडी

आता त्या सालाकडे येऊ. यंत्रमागाचं पेटंट एडमंड कार्टराइट यांनी इंग्लंडमध्ये १७८५ मध्ये घेतलं. महाराष्ट्रात इचलकरंजीला १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. भिवंडीत विणकर आधीपासून होते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेली मोमीन विणकर कुटुंबं हातमागावर बसत. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी विजेचा माग आला, आणि मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग इथे येऊन पुन्हा खटखटू लागले.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप कधी मिटलाच नाही. गिरण्यांचं कापड थांबलं, पण कापडाची मागणी थांबली नाही. ते काम यंत्रमागांकडे सरकलं. गिरणगावाचं नुकसान आणि भिवंडीची भरभराट, एकाच धाग्याची दोन टोकं. गिरणीत कायदा होता, युनियन होती, ठरलेली पाळी होती. इथे छोट्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज आणि हवेत कापसाची तूस. तूस म्हणजे काय? तरंगतं सरपणच. एक ठिणगी पुरते.

पुढे मागही मंदावले आणि गोदामं आली. त्याचं कारण भूगोल आणि कर. मुंबईत माल शिरला की जकात लागायची. मग माल हद्दीबाहेर ठेवा, लागेल तसा आत न्या. मुंबई-नाशिक महामार्ग, न्हावाशेवा बंदर, गुजरातचा रस्ता, सगळं हाताशी. माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ, सोनाळे. जिथे भात पिकायचा तिथे पत्र्याची शेड उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. काहींना वाटलं, आता गोदामं ओस पडणार. झालं उलटंच. राज्याराज्यांतली छोटी गोदामं बंद करून कंपन्यांनी मोठी एकत्र गोदामं बांधली, आणि ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली. माझ्या भाचीच्या मैत्रिणीला वाढदिवसाला ठोकळ्यांचा डबा आला. फोनवर पार्सलचा प्रवास बघितला, तर ते निघालं होतं आमच्या घरापासून सहा किलोमीटरवरून.

तीन मिनिटं, पण कुणाची?

गाडी बांधून झाल्यावर आम्ही तिची परीक्षा घेतली. विमानतळाचा नियम लावायचा, तीन मिनिटं. चाकाला २७ फेरे, परीघ साडेएकोणीस सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सव्वापाच मीटर. तीन मिनिटांत जेमतेम १६ मीटर. स्वयंपाकघरातून निघून गॅलरीच्या टोकापर्यंत. पोचली. भाचीने टाळ्या वाजवल्या.

मग तिने विचारलं, "आत्या, खरी गाडी तीन मिनिटांत किती जाते?"

ताशी १०० च्या वेगाने ५ किलोमीटर. मुंबई विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीपेक्षा जास्त. त्यासाठी रस्ता मोकळा असतो. त्या रस्त्यावर दुसरं कुणी येत नाही, कुणी कंटेनर लावून चहा प्यायला जात नाही. गाड्यांचं ठाणं कुठे असावं हे धावपट्टीकडे बघून ठरवलेलं असतं. विमान जितकं लांब-रुंद, तितकी विमानतळाची अग्निशमन श्रेणी वरची. एक ते दहा श्रेणी. सगळ्यात मोठ्या विमानांसाठी किमान तीन गाड्या. विमान उतरण्याआधीच गाडी तयार असते, आग लागल्यावर मागवायची नसते.

"आणि आपल्याकडे?" हा तिचा पुढचा प्रश्न.

आपल्याकडे विमानतळ नाही. जवळची धावपट्टी म्हणाल तर कल्याणजवळ नेवाळीला, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली, आज तिथे विमान उतरत नाही. पण आपल्याकडे गोदामं आहेत. कापड, प्लॅस्टिक, पुठ्ठा, रसायनं, बॅटऱ्या, कधीकधी एकाच आवारात शेजारी शेजारी. भिवंडीत गोदामाला आग लागल्याची बातमी वर्षातून कितीदा वाचतो, तुम्हीच आठवा. महापालिकेचे बंब निघतात, मग ठाण्याहून, कल्याणहून बंब मागवले जातात. ते येतात कुठून? ज्या रस्त्यावर तुम्ही आम्ही रोज तासभर उभे असतो त्याच रस्त्यावरून. जवान जीव ओतून काम करतात, त्यात शंका नाही. पण त्यांच्या घड्याळात तीन मिनिटं नाहीत.

याला एक प्रशासकीय कारणही आहे. गोदामांचा मोठा पट्टा शहराच्या हद्दीत नाही, आसपासच्या गावांत आहे. त्या ६० गावांसाठी नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे आहे. शेतजमिनीवर शेड आधी उभी राहिली, परवानगी आणि रस्ता मागाहून, असं वर्षानुवर्षं चाललं. धावपट्टी आधी बांधायची आणि बंबाचा रस्ता मागाहून शोधायचा, असं कुठल्या विमानतळावर कुणी खपवून घेईल?

मला वाटतं फरक पैशाचा आहेच, पण त्याहून जास्त हिशोबाचा आहे. मँचेस्टरनंतर कुणीतरी बसून मोजलं, धूर किती वेळात आत शिरतो, माणूस किती वेळात बाहेर पडतो, सीटमध्ये किती अंतर हवं. मोजलं म्हणून नियम झाला. आपल्याकडे गोदाम जळतं, नुकसानीचा आकडा येतो, आणि बंब किती मिनिटांत पोचला हा आकडा बातमीत क्वचितच असतो.

ज्यांच्याकडे ठोकळे नाहीत त्यांच्यासाठी

शेवटाकडे येताना एक माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवायच्या कामावर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यातल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्यात आगपेटीच्या काड्या खोचल्या आणि त्रिकोण, चौकोन, घरं, पूल उभे केले. काडीपेटीचं मेकॅनो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये ज्या पट्ट्या-बोल्टच्या खेळाचं पेटंट घेतलं, त्याची आपल्या मातीतली काही पैशांतली आवृत्ती. पुढे अनेक वर्षं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी बनवली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक सेल, एक चुंबक, एनॅमलची तांब्याची तार आणि दोन सेफ्टी पिना एवढ्यात फिरणारी मोटर ते करून दाखवतात. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ फुकट मिळतात, मराठीतही.

म्हणजे १०९४ तुकड्यांचा डबा नसला तरी अडत नाही. दाते मोजता आले, जोर आणि वेग यातली देवाणघेवाण कळली, की गाडी कशाचीही करता येते. बाटलीच्या झाकणांचीसुद्धा.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्यातले बरेच जण गोदामात पिकिंग-पॅकिंगला आहात, लूमवर आहात, कुणी टेम्पो चालवता. उद्या पाळीवर गेलात की एवढंच करा. तुमच्या जागेपासून बाहेरच्या दारापर्यंत चालत जा आणि फोनमधल्या घड्याळाने मोजा. मग दुसरं दार शोधा. ते उघडतं का, त्याच्यापुढे माल रचलाय का, कुलूप कुणाकडे आहे, बघा. गेटमधून बंब आत वळेल का, तेही बघा. आगीसाठी १०१, नाहीतर ११२, हे नंबर पाठ असू द्या. आणि मोजलेला आकडा सुपरवायझरला सांगा, दोस्ताला सांगा, आम्हाला मेसेज करा. आकडे जमले तर पुढच्या एखाद्या भागात नावं न घेता त्यावर बोलू.

बंब तीन मिनिटांत येईल अशी सोय आपल्या हातात आज नाही. तीन मिनिटांत आपण बाहेर असू, एवढी सोय बऱ्याच ठिकाणी आजच करता येईल. माल हलवायला हात लागतात, आणि ते आपलेच आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, मोजत राहा.